योग्य इंजिन ऑईल कसं निवडायचं? डब्यावरचा मंजुरी क्रमांक वाचायला शिका



आपल्या कंपनीमार्फत खत-बियाण्यासारखंच इंजिन ऑईलही एकत्र खरेदी करावं, अशी मागणी बऱ्याच सभासदांनी केली आहे. विचार चांगला आहे. बॅरलमध्ये घेतलं तर लिटरमागे पैसे वाचतात आणि माल खात्रीचा मिळतो. पण मागणी करताना अनेकांनी लिहिलंय, "पंधरा-चाळीसचं एक बॅरल आणा, सगळ्यांना चालेल."

मंडळी, सगळ्यांना चालणार नाही. आज आपल्या सभासदांच्या दारात जुना ट्रॅक्टर आहे, बीएस-६ पिकअप आहे, पेट्रोल कार आहे, जुनी घेतलेली डिझेल कार आहे, मोटारसायकल तर घरटी आहे. या प्रत्येकाचं ऑईल वेगळं. एका डब्यातून सगळ्यांना ओतलं तर कुणाचं तरी इंजिन काम निघणार, आणि तो खर्च बॅरलमध्ये वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट असेल.

म्हणून मागणी नोंदवण्याआधी हा पाठ पाठवत आहोत. एकूण ९ भाग आहेत. सावकाश वाचा. घरात गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर त्यांनाही वाचायला द्या. शेवटी सरावाचे प्रश्न आहेत आणि मागणी कशी नोंदवायची तेही दिलं आहे.

━━━━━━━━━━

*भाग १ : पहिलं काम, पुस्तिका काढा*

गाडीबरोबर किंवा ट्रॅक्टरबरोबर एक पुस्तिका मिळालेली असते. बहुतेकांच्या घरी ती गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात नाहीतर कपाटात कागदांच्या खाली पडलेली असते. ती काढा. त्यात शेवटच्या पानांकडे एक तक्ता असतो. त्यावर इंजिन ऑईल, गिअर ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल असं सगळं लिहिलेलं असतं.

त्या तक्त्यात इंजिन ऑईलच्या ओळीत चार गोष्टी शोधा :

१. *जाडी* : उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०
२. *दर्जा* : एपीआय, एसीईए किंवा जासो यांची अक्षरं
३. *गाडी कंपनीची मंजुरी* : काही गाड्यांनाच असते, एखादा क्रमांक असतो
४. *किती लिटर आणि किती तासांनी किंवा किलोमीटरने बदलायचं*

या चार गोष्टी जुळल्या की ऑईल योग्य. नुसती जाडी जुळून भागत नाही. दुकानात आपण "वीस लिटर पंधरा-चाळीस द्या" म्हणतो तेव्हा आपण चारपैकी एकच गोष्ट सांगतो.

पुस्तिका हरवली असेल तर गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून बऱ्याचदा मिळते. नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगून विचारा. ओळखीच्या मेस्त्रीचा अनुभव मोलाचा असतोच, पण त्यांनाही पुस्तिकेचं पान दाखवा. चांगला मेस्त्री ते बघितल्यावर नाराज होत नाही.

━━━━━━━━━━

*भाग २ : जाडीचे आकडे काय सांगतात*

१५डब्ल्यू-४० मध्ये दोन आकडे आहेत. पहिला आकडा थंडीतला. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. हा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंड इंजिनमध्ये लवकर वर चढतं. १५डब्ल्यू ऑईलची चाचणी उणे २० अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरला १५डब्ल्यू सहसा अडचणीचं ठरत नाही.

दुसरा आकडा गरम इंजिनमधला. तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ४० म्हणजे ३० पेक्षा जाड.

इथे एक गैरसमज दूर करू. "आपल्याकडे ऊन फार, विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ ला जातो, म्हणून जाड ऑईल टाका," असं बरेच जण सांगतात. पण चालू इंजिनमधलं पाणी थर्मोस्टॅटमुळे साधारण ८० ते ९५ अंशाच्या आसपास राहतं, मग बाहेर डिसेंबर असो की मे. ऑईलच्या वाटा, पंप आणि बेअरिंगमधली फट ही इंजिन बनवतानाच ठरलेली असते. ज्या इंजिनची फट बारीक आहे त्यात जाड ऑईल वेळेवर पोचत नाही. नव्या पेट्रोल कारना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑईल सांगितलेलं असतं. ते हातावर घेतलं तर पाण्यासारखं वाटतं. त्यात भेसळ नाही, ते इंजिनच तसं बनवलेलं आहे.

पुस्तिकेत तापमानानुसार दोन-तीन जाड्या दिल्या असतील तर त्यातली आपल्या हवामानाची निवडा. पुस्तिकेबाहेरची निवडू नका.

━━━━━━━━━━

*भाग ३ : एपीआयची अक्षरं आणि आपला ट्रॅक्टर* 🚜

डब्यावर ही अक्षरं इंग्रजीत छापलेली असतात. एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था. तिची पद्धत सोपी आहे :

• *एस* ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनसाठी : एसएल, एसएम, एसएन, एसपी. अक्षर पुढे सरकतं तसा दर्जा नवा. एसपी २०२० मध्ये आला.
• *सी* ने सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनसाठी : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीआय-४ प्लस, सीजे-४, सीके-४. यातला सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ २००२ चा आणि सीके-४ २०१६ च्या शेवटी आलेला.

जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सीएफ-४ किंवा सीएच-४ लिहिलं असेल आणि बाजारात आता सीआय-४ प्लस मिळत असेल, तर जाडी तीच ठेवून वरच्या दर्जाचं टाकायला हरकत नसते. उलटं मात्र करू नका. सीआय-४ सांगितलेल्या इंजिनमध्ये स्वस्त मिळालं म्हणून सीएफ-४ टाकलं, तर काजळी धरून ठेवायची ताकद कमी पडते. ऑईल लवकर घट्ट होतं, रिंगा चिकटतात, आणि मग इंजिन ऑईल खाऊ लागतं.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. १ जानेवारी २०२३ पासून या गटाला ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू झाला. त्यामुळे यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरना कॉमन रेल इंजिन आणि धूर साफ करायची यंत्रणा आली आहे. शेजारच्या जुन्या ट्रॅक्टरला जे ऑईल चालतं ते याला चालेलच असं नाही. ५० एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरना हा नियम तेव्हा लागला नाही.

ट्रॅक्टरचं ऑईल किलोमीटरवर नाही, *तासांवर* बदलायचं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरना २५० तास लिहिलेलं असतं, नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली त्याच्या कितीतरी आधी असते. तुमच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि शेवटची बदली किती तासांवर झाली ते मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. रोटाव्हेटर आणि मळणीच्या दिवसांत तास कधी भरतात ते कळतही नाही.

━━━━━━━━━━

*भाग ४ : बीएस-६ डिझेल आणि राखेचा प्रश्न (सर्वात महत्त्वाचा भाग)*

भाजीपाला, फळं, दूध मार्केटला नेणाऱ्या पिकअपवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल कार आणि पिकअपच्या सायलेन्सरमध्ये *डीपीएफ* नावाची जाळी आली. ही जाळी काळा धूर, म्हणजे काजळी, अडवून ठेवते. जाळी भरत आली की गाडी आपोआप जादा डिझेल सोडून जाळीचं तापमान साधारण ६०० अंशापर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. चूल साफ केल्यासारखंच.

आता चुलीकडेच बघा. लाकूड जळून जातं, पण राख उरते. राख पुन्हा जळत नाही. डीपीएफमध्येही तसंच. काजळी जळते, पण *इंजिन ऑईलमधून आलेली राख* जळत नाही. थोडं ऑईल प्रत्येक इंजिन जाळतंच. जुन्या पद्धतीच्या ऑईलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त अशा धातूंची रसायनं जास्त असतात. ती इंजिनसाठी चांगली, पण जळाल्यावर त्यांची राख होते आणि ती जाळीत बसते. कितीही वेळा जाळी तापवली तरी ती निघत नाही. जाळी हळूहळू कायमची भरते. गाडीची ताकद कमी होते, ॲव्हरेज पडतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी गाडी वेगच घेत नाही.

म्हणून अशा गाड्यांना *कमी राखेचं* ऑईल सांगितलेलं असतं. डब्यावर ते असं ओळखा :

• *एसीईए सी२, सी३, सी५* : एसीईए ही युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना. सी गट म्हणजे कमी राखेचा गट. सी३ मध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के.
• *जासो डीएल-१* : जपानी दर्जा, हलक्या डिझेल गाड्यांसाठी. राख जास्तीत जास्त ०.६ टक्के.
• *एपीआय सीजे-४, सीके-४* : मोठ्या डिझेल इंजिनसाठी. राख जास्तीत जास्त १ टक्का.

सीआय-४ प्लस हे जुन्या ट्रॅक्टरला उत्तम, पण त्यात राखेवर अशी मर्यादा नाही. म्हणजे *शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतून बीएस-६ पिकअपमध्ये ओतू नका.* दोन्हींवर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असलं तरीही.

हिशोब करून बघा. समजा पिकअपला ६ लिटर ऑईल लागतं आणि साधं ऑईल लिटरमागे १५० रुपयांनी स्वस्त पडलं. एका बदलीत ९०० रुपये वाचले. पण जाळी बदलायची वेळ आली तर त्या एका बिलात अनेक वर्षांची बचत जाते. शिवाय गाडी गॅरेजला उभी राहिली तर टोमॅटो, पालेभाजी थांबत नाही. तो तोटा वेगळाच.

*आणखी एक खूण : ऑईल वाढतंय का?*

जाळी साफ करताना सोडलेल्या जादा डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. शेतातून गावात, गावातून डेअरीला अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर साफसफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते आणि डिझेल ऑईलमध्ये मिसळत जातं. ऑईल पातळ होतं. त्यामुळे दर आठवड्याला, गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन थोडं निवल्यावर डिपस्टिक बघा. पातळी खाली गेली तर आपण घाबरतो, पण बीएस-६ डिझेलमध्ये *पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली तर तेवढंच गंभीर* आहे. वासाला डिझेल येत असेल तर किलोमीटरची वाट न बघता ऑईल बदला. जाळीचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर सलग, एका वेगाने चालवा. साफसफाई पूर्ण होऊ द्या.

━━━━━━━━━━

*भाग ५ : कार कंपनीची मंजुरी म्हणजे काय*

एपीआय आणि एसीईए हे सगळ्यांसाठीचे सामाईक दर्जे झाले. काही कार कंपन्यांना तेवढ्यावर भरवसा नसतो. त्या म्हणतात, आमच्या इंजिनवर आमची चाचणी पास करा, मग आम्ही मंजुरीचं पत्र देऊ. ऑईल कंपनी नमुना देते, ठरलेल्या तासांच्या चाचण्या होतात, झीज, साका, रबराच्या सीलवर होणारा परिणाम असं सगळं तपासलं जातं. पास झालं की त्या ऑईलला मंजुरी क्रमांक मिळतो.

ही मंजुरी *त्या एका नावाच्या, त्या एका जाडीच्या ऑईललाच* असते. त्याच ब्रँडच्या शेजारच्या डब्याला नसते. ब्रँड मोठा आहे म्हणून मंजुरी आहे, असं धरून चालू नका.

जुन्या गाड्यांच्या बाजारातून आपल्या भागात स्कोडा, फोक्सवॅगन, फोर्ड अशा गाड्या बऱ्याच आल्या आहेत. स्वस्तात चांगली गाडी मिळते, पण ऑईल चुकलं तर महागात पडते. काही खरी उदाहरणं बघा :

*स्कोडा लॉरा १.९ टीडीआय* : या इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडरवर वेगळा पंप-इंजेक्टर असतो आणि त्याला कॅमशाफ्टच दाबतो. म्हणजे कॅमवर नेहमीपेक्षा फार जास्त भार. म्हणून फोक्सवॅगन गटाने या इंजिनांसाठी *व्हीडब्ल्यू ५०५ ०१* ही वेगळी मंजुरी काढली. साधं डिझेल ऑईल टाकत राहिलं तर कॅमचे उंचवटे झिजतात. वरून आवाज यायला लागेपर्यंत नुकसान झालेलं असतं.

*व्हीडब्ल्यू ५०७ ००* : फोक्सवॅगन गटाच्या डीपीएफ असलेल्या डिझेल गाड्यांसाठीची कमी राखेची मंजुरी. त्याच गटाची *५०८ ०० / ५०९ ००* ही मंजुरी मात्र ०डब्ल्यू-२० या पातळ ऑईलची आहे आणि फक्त त्यासाठी बनवलेल्या नव्या इंजिनांनाच चालते. इथे "आकडा मोठा म्हणजे दर्जा वरचा, जुन्यालाही चालेल" हा एपीआयचा नियम लागू होत नाही. जुन्या टीडीआयमध्ये ५०९ ०० टाकू नका.

*फोर्ड इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट पेट्रोल* : या इंजिनचा टायमिंग बेल्ट ऑईलमध्येच भिजत फिरतो. ऑईल चुकीचं असेल किंवा बदलायला फार उशीर झाला तर बेल्टचं रबर खराब होतं, त्याचे तुकडे ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑईलचा दाब पडतो. या इंजिनसाठी फोर्डने *डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी* हा दर्जा ठरवला, जाडी ५डब्ल्यू-२०. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं कार उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्यानंतर बरेच मालक जवळच्या गॅरेजला जातात. तिथे समोर दिसेल ते ऑईल पडायचा धोका जास्त. क्रमांक लिहून न्या.

*मर्सिडीज* : डीपीएफ असलेल्या डिझेलसाठी *एमबी २२९.५१* किंवा *२२९.५२*. मर्सिडीज मंजूर ऑईलची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली ठेवते. आपल्या सभासदांपैकी मोजक्यांकडे ही गाडी असेल, पण डब्यावर हा क्रमांक दिसतो म्हणून माहिती दिली.

उलट, अनेक मारुती, टाटा, महिंद्रा गाड्यांच्या पुस्तिकेत जाडी आणि एपीआय किंवा एसीईए दर्जा असतो, कधी कंपनीच्या स्वतःच्या नावाचं ऑईल सुचवलेलं असतं. तिथे नसलेला मंजुरी क्रमांक शोधत बसू नका. *पुस्तिकेत जे लिहिलंय तेवढंच जुळवा.* जास्त मंजुऱ्या छापलेलं महाग ऑईल घेऊन काही वेगळा फायदा होत नाही.

━━━━━━━━━━

*भाग ६ : डब्यावरचे शब्द, खरी मंजुरी आणि नुसता दावा*

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोन प्रकारचे शब्द असतात, ते ओळखायला शिका.

✅ *"अप्रूव्हल", "अप्रूव्हड" किंवा "ऑफिशियल अप्रूव्हल"* आणि पुढे क्रमांक : गाडी कंपनीने मंजुरी दिली आहे. उदाहरणार्थ "एमबी-अप्रूव्हल २२९.५१".

⚠️ *"मीट्स", "सुटेबल फॉर", "रेकमेंडेड फॉर", "परफॉर्मन्स लेव्हल"* : हे ऑईल बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं म्हणणं आहे. "आमचं ऑईल त्या दर्जाला उतरतं" असं ती सांगते. गाडी कंपनीने तपासलेलं असेलच असं नाही.

दुसऱ्या प्रकारचं ऑईल वाईटच असतं असं नाही. जुना, वॉरंटी संपलेला ट्रॅक्टर असेल तर नावाजलेल्या कंपनीचं "मीट्स सीआय-४ प्लस" चालून जातं. पण गाडी वॉरंटीत असेल, डीपीएफ असेल किंवा पुस्तिकेत मंजुरी क्रमांक स्पष्ट लिहिला असेल, तर पहिल्या प्रकारचंच घ्या.

एपीआयचं गोल चिन्हही बघा. मेदूवड्यासारखं दिसतं. मधे जाडी, वरच्या अर्ध्या भागात दर्जा. हे चिन्ह वापरायला एपीआयचा परवाना लागतो आणि परवाना कुणाकडे आहे ते एपीआयच्या संकेतस्थळावर ऑईलच्या नावाने शोधता येतं. नुसतं "एपीआय सीआय-४" अक्षरात छापलंय आणि गोल चिन्ह नाही, तर तो बहुतेक दावा आहे.

━━━━━━━━━━

*भाग ७ : या तीन चुका टाळा*

*१) कारचं ऑईल मोटारसायकलला.* बऱ्याच मोटारसायकलचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, त्याने क्लच घसरतो. मोटारसायकलला डब्यावर *जासो एमए* किंवा *एमए२* बघा. गिअर नसलेल्या स्कूटरला बहुधा *एमबी* असतं. हा जासोचा एमबी, मर्सिडीजचा नाही.

*२) इंजिन ऑईल ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये.* गिअर, हायड्रॉलिक आणि ऑईलमधले ब्रेक यांना एकच खास ऑईल असतं. तिथे इंजिन ऑईल ओतलं तर ब्रेक नीट धरत नाहीत, आवाज करतात. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक कमी पडला तर काय होईल, ते सांगायला नको.

*३) ऑईल कमी आहे, पण "योग्य मिळेपर्यंत" गाडी तशीच चालवणं.* हे सगळ्यात वाईट. रस्त्यात पातळी खालच्या खुणेखाली गेली आणि नेमकं ऑईल मिळत नसेल, तर जवळच्या जाडीचं अर्धा-एक लिटर टाकून घरी या आणि नंतर पूर्ण बदला. थोडं वेगळं ऑईल इंजिन सहन करतं, पण ऑईलशिवाय ते काही मिनिटांत जाम होतं.

━━━━━━━━━━

*भाग ८ : खरेदी, बिल आणि जळकं ऑईल*

• सील, झाकण आणि छपाई तपासा. झाकणाखालची रिंग तुटलेली असेल तर घेऊ नका.
• पक्कं बिल घ्या. त्यावर ऑईलचं पूर्ण नाव आणि जाडी लिहून घ्या. नुसतं "ऑईल ५ लिटर" नको. वॉरंटीत वाद झाला तर हेच बिल हातात असतं.
• गॅरेजमध्ये ऑईल टाकताना डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. रिकामा डबा घरी आणा, नाहीतर पान्याने भोक पाडूनच भंगारात द्या. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांतच बनावट ऑईल भरलं जातं.
• ऑईलबरोबर फिल्टरही बदला. जुन्या फिल्टरमधलं घाण ऑईल नव्यात मिसळतं.
• जळकं ऑईल बांधावर, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ते घातक कचरा म्हणून धरलेलं आहे. कॅनमध्ये साठवा. गोदामात त्यासाठी वेगळा ड्रम ठेवायचा आणि मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यायचा विचार आहे.

━━━━━━━━━━

*भाग ९ : सराव, आणि मागणी कशी नोंदवायची*

आधी स्वतः उत्तर द्या, मग खाली बघा.

*प्रश्न १.* २००९ चा ३९ एचपीचा ट्रॅक्टर. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४०, सीएफ-४. दुकानात १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस आहे. घ्यायचं का?

*प्रश्न २.* २०२१ ची डिझेल पिकअप. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३. दुकानदार म्हणतो, "हे ५डब्ल्यू-३० आहे, ए३/बी४ आहे, चालतंय की!" घ्यायचं का?

*प्रश्न ३.* पुस्तिकेत व्हीडब्ल्यू ५०७ ०० आहे. डब्यावर "सुटेबल फॉर व्हीडब्ल्यू ५०७ ००" लिहिलंय. गाडी वॉरंटीत आहे. घ्यायचं का?

*प्रश्न ४.* बीएस-६ पिकअपची डिपस्टिक वरच्या खुणेच्या वर दाखवते, वर्षभरात कुणी ऑईल टाकलेलं नाही. ही चांगली गोष्ट आहे का?

👇
*उत्तरं :*
१. हो. जाडी तीच, दर्जा वरचा.
२. नाही. जाडी जुळली, राखेचा गट जुळला नाही. ए३/बी४ मध्ये राख जास्त असते, डीपीएफला चालत नाही.
३. नाही. तो ऑईल कंपनीचा दावा आहे. "अप्रूव्हड" लिहिलेलं शोधा.
४. नाही. ऑईलमध्ये डिझेल उतरलं असण्याची शक्यता आहे. ऑईल बदला आणि गाडी दाखवून घ्या.

*आता मागणीविषयी.* एकच बॅरल आणायचं नाही, असं आम्ही सुचवत आहोत. त्याऐवजी चार गट करायचे :

🅰️ जुने ट्रॅक्टर : १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस
🅱️ ट्रेम-४ चे ट्रॅक्टर आणि बीएस-६ व्यावसायिक गाड्या, ज्यांच्या पुस्तिकेत सीजे-४ किंवा सीके-४ आहे
©️ डीपीएफ असलेल्या डिझेल कार, पिकअप : एसीईए सी गट किंवा पुस्तिकेतला दर्जा
🅾️ मोटारसायकल : जासो एमए२, जाडी पुस्तिकेप्रमाणे

मंजुरी क्रमांक लागणाऱ्या कार थोड्या आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी. त्यांच्यासाठी बॅरल परवडणार नाही, पण योग्य नावाचा डबा कुठला ते आम्ही शोधून सांगू.

तुम्ही एवढंच करा : या नंबरवर दोन फोटो पाठवा. *एक, पुस्तिकेतल्या ऑईलच्या तक्त्याचा. दुसरा, सध्या वापरत असलेल्या डब्याच्या मागच्या बाजूचा.* सोबत गाडीचं मॉडेल, वर्ष आणि वर्षाला किती लिटर लागतं ते लिहा. फोटो जुळत नसतील तर आम्ही लगेच कळवू, मागणी नोंदवली असो वा नसो.

पुरेशी नोंद झालेल्या गटाचीच खरेदी होईल. ज्या गटाची नोंद कमी पडेल त्यांना तसं आधीच कळवलं जाईल, म्हणजे तुमची सर्व्हिस थांबणार नाही.

हा संदेश जपून ठेवा आणि गॅरेजला जाताना भाग ६ मेस्त्रीदादांना जरूर दाखवा.